सॅन डिएगोत जूनचे चार दिवस: सकाळ शहराला, दुपार समुद्राला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून चार दिवसांसाठी सॅन डिएगोला येताय. सोबत साताऱ्याहून आलेले आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपासचे, आईंचा गुडघा दुखतो. शिवाय सात वर्षांची लेक आहे. यादीत चौदा ठिकाणं आहेत. रोज सकाळी नऊला एक समुद्रकिनारा, कारण दुपारचं ऊन आई-बाबांना सोसणार नाही, आणि दुपारी बागा, संग्रहालयं. ही आखणी बरोबर आहे का आणि यातलं काय गाळावं, असं तुम्ही विचारलंय.

मी या शहरात वीस वर्षांहून जास्त काळ लोकांना समुद्र दाखवायचं काम करतो, त्यातले बरेच जण आपल्याकडचे असतात. तुमची ठिकाणं चांगली निवडलीत, पण वेळा उलट्या धरल्यात. कोकणात आपण पहाटे किंवा उन्हं कलल्यावर वाळूवर जातो आणि मधला वेळ सावलीत काढतो. इथे जूनमध्ये बरोबर उलटं करायचं. सकाळ शहराला द्या, समुद्राकडे दुपारी एकनंतर जा.

त्याचं कारण धुकं. इथली माणसं त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. उत्तरेकडून किनाऱ्यालगत थंड पाण्याचा प्रवाह वाहत येतो, आणि वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं आणखी थंड पाणी वर येतं. त्या पाण्यावरची हवा गार आणि दमट होते. तिच्या वर उंचावरून खाली दबणाऱ्या उबदार हवेचं झाकण बसतं. मधल्या थरात करडे ढग तयार होतात आणि रात्रीतून शहरावर सरकतात. सकाळी जमीन तापायला लागली की ढग आतल्या बाजूने विरत समुद्राकडे मागे हटतात. म्हणून शहराच्या मध्यभागी साडेदहाला लख्ख ऊन असतं, तेव्हा आठ-दहा किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर अजून सगळं करडं असतं. एखाद्या दिवशी किनाऱ्यावर ऊन पडतच नाही. ज्या चित्रांतला निळा समुद्र बघून तुम्ही विमानाची तिकिटं काढलीत, तो ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो. जूनमध्येही तो दिसतो, पण दुपारी.

माझ्या आई-बाबांना मी पहिल्यांदा कोरोनाडोला नेलं तेही जूनमध्ये, सकाळी नऊला. आई शाल गुंडाळून वाळूवर बसली होती, समोर पन्नास पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "अरे, हे तर पावसाळ्यातलं महाबळेश्वर झालं." तासाभरात आम्ही परत फिरलो. त्याच दिवशी दुपारी तिथे इतकं स्वच्छ ऊन पडलं होतं, की वाळूतला अभ्रक सोन्यासारखा चमकत होता. आम्ही तेव्हा घरी जेवत होतो. त्यानंतर जूनमध्ये कुणालाही सकाळी समुद्रावर नेलं नाही. अपवाद एकच, तो पुढे सांगतो.

दुपारच्या उन्हाची भीती मनातून काढून टाका. किनाऱ्यावर जूनमध्ये पारा फार तर २१-२२ अंशांपर्यंत चढतो आणि समुद्रावरून गार वारा येत असतो. आई-बाबांना ऊन लागण्यापेक्षा थंडी वाजण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाला एक स्वेटर किंवा जाकीट हवंच. मात्र ढगाळ आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नका, या पातळ ढगांतून त्वचा भाजते आणि संध्याकाळपर्यंत कळतही नाही.

पाण्याबद्दलही आधीच सांगून ठेवतो. जूनमध्ये ते साधारण १७ ते १९ अंश असतं. आपल्याकडच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाला ते बर्फासारखं लागतं. लेक पाच मिनिटांत रुळेल, मुलं रुळतातच. आई-बाबांना घोट्याएवढ्या पाण्यात पाय भिजवण्यापुरतंच न्या.

आता किनारे. चार दिवसांत दोन पुरेत, तिसरा जमला तर. पहिला ला होया शोअर्स. (स्पेलिंग पाहून आपण 'जोला' म्हणतो, उच्चार 'होया' आहे.) इथे वाळूचा उतार अगदी मंद आहे, लाटा लहान असतात, वर्षभर लाइफगार्ड असतात. वाळूला लागून हिरवळीचं मैदान आहे, बाकं आहेत, स्वच्छतागृहं जवळ आहेत. आईंना वाळूत न उतरताही समुद्र समोर दिसेल. वाहनतळ फुकट आहे, म्हणूनच सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतो. तुम्ही दुपारी जाणार, तेव्हा आई-बाबांना आणि लेकीला हिरवळीपाशी उतरवून मग जागा शोधा. आईंना वाळूवर जायचं असेल तर लाइफगार्डच्या मनोऱ्यावर चौकशी करा. शहराच्या काही किनाऱ्यांवर रुंद चाकांची, वाळूत चालणारी व्हीलचेअर मोफत मिळते.

पण याच किनाऱ्यावर एक काळजी घ्यायची आहे. उथळ, त्यातल्या त्यात उबदार पाण्यात वाळूखाली पाकट (स्टिंगरे) बसलेले असतात. ते अंगावर येत नाहीत, त्यांच्या पाठीवर पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतात. उपाय सोपा आहे: पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाशी घासत पुढे सरकायचं. वाळू हलली की पाकट आपोआप निघून जातात. माझ्या एका गटातले काका गुडघाभर पाण्यात ऐटीत चालत गेले आणि टाचेत काटा घुसला. लाइफगार्डने त्यांना बसवून सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायला लावला. तासाभराने कळ ओसरली. या विषावर गरम पाणीच गुणकारी ठरतं, बर्फ लावू नका. लेकीला हे घसटत चालणं खेळ म्हणून शिकवा, ती आजोबांना शिकवेल.

त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला उन्हाळ्यात अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेल्या मुशी (लहान शार्क) जमतात. जूनपासून यायला लागतात, जुलै ते सप्टेंबर त्यांची गर्दी असते. बहुतेक माद्या, पोटुशी, उबेसाठी उथळ पाण्यात आलेल्या. माणसाला त्यांचा काही त्रास नाही. पाणी शांत आणि स्वच्छ असेल तर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनही दिसतात. हा सगळा भाग संरक्षित आहे, इथून शंख-शिंपलेही उचलायचे नाहीत. हे लेकीला वाळूवर पोचायच्या आधी सांगा, मूठ भरल्यावर सांगितलं तर रडू येतं.

लाटांबद्दल एकच गोष्ट, पण ती घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवी. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गढूळ आणि सपाट दिसला तर ती सुरक्षित जागा समजू नका. तिथून किनाऱ्यावर आलेलं पाणी जोरात परत समुद्रात जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. लाइफगार्ड रोज झेंडे लावून पोहणाऱ्यांची आणि सर्फिंगवाल्यांची जागा वेगळी करतात. लेक नेहमी मनोऱ्यासमोर, पोहणाऱ्यांच्या जागेतच ठेवा.

शोअर्सपासून दीड-दोन किलोमीटरवर ला होया कोव्ह आहे, सी लायन बघायला. वास येतो, खूप येतो, आईंना आधी सांगून ठेवा. कोव्हलगतचे जे खडक सी लायननी व्यापलेत ते लोकांसाठी बंद आहेत. वरच्या पायवाटेवरून सगळं दिसतं आणि ती वाट सपाट आहे. थोडं दक्षिणेला चिल्ड्रन्स पूल. एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंनी १९३१ साली मुलांना निर्धोक पोहता यावं म्हणून इथे समुद्रात भिंत बांधून घेतली. पुढे ती शांत वाळू सीलनी आपलीशी केली. आता १५ डिसेंबर ते १५ मे हा किनारा त्यांच्या पिल्लांसाठी माणसांना बंद असतो. जूनमध्ये खाली जाता येतं, तरी तुम्ही वरूनच बघा. लेकीला फरक ओळखायला सांगा: बाहेर लहानसे कान दिसतात आणि वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांवर रेलून चालतो तो सी लायन, कानाच्या जागी नुसतं भोक आणि पोटावर सरपटतो तो सील.

दुसरा किनारा कोरोनाडो. तिथे जाण्याचा १९६९ चा पूल हेच एक आकर्षण आहे, साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब, मोठा बाक घेत खाडी ओलांडणारा. बाबांना पुढच्या सीटवर बसवा. किनारा रुंद आणि सपाट आहे, मागे १८८८ सालचं लाल छपराचं लाकडी हॉटेल डेल कोरोनाडो. आत राहायची गरज नाही, आवारातून फेरी मारता येते. मात्र निघण्यापूर्वी जिल्हा आरोग्य खात्याचा त्या दिवसाचा पाण्याचा अहवाल जरूर बघा. दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेवरून तिहुआना नदी सांडपाणी घेऊन समुद्रात येते. तिच्यामुळे इम्पीरियल बीचचा किनारा पोहण्यासाठी कित्येक वर्षं जवळजवळ सतत बंद आहे, आणि दक्षिणेकडून प्रवाह येत असला की कोरोनाडोलाही फलक लागतात. फलक असेल तर वाळूवर फिरा, पाण्यात पायही घालू नका. तुमच्या यादीतला इम्पीरियल बीच मी गाळतो. तिथल्या लोकांचे किती हाल होतात ते मी बघितलंय, म्हणून ते लिहिताना वाईट वाटतं.

मिशन बीचचा बोर्डवॉक, तिथला १९२५ सालचा लाकडी रोलर कोस्टर हे सगळं तरुण मुलांना आवडतं. तुमच्या लेकीसाठी त्याच्या पाठीमागचा मिशन बे बरा. तिथे लाटा नाहीत, पाणी किनाऱ्यापेक्षा थोडं उबदार, हिरवळ भरपूर. सगळ्याच किनाऱ्यांवर दारू, धूम्रपान आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे. लोणच्याची काचेची बाटली असेल तर ती गाडीतच ठेवा.

आता सकाळी काय करायचं? एक संपूर्ण सकाळ बाल्बोआ पार्कला. १,२०० एकर आहे, सगळं बघायचा हट्ट धरू नका. १९१५ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या स्पॅनिश धाटणीच्या इमारती आणि झाडं, एवढं मन भरायला पुरेसं आहे. ही झाडं आपोआप आलेली नाहीत. १८९२ मध्ये केट सेशन्स नावाच्या बाईंनी शहराकडून इथे रोपवाटिकेसाठी जागा घेतली, आणि बदल्यात दरवर्षी बागेत शंभर झाडं लावायचं कबूल केलं. त्याआधी इथे बहुतेक उघडं माळरान होतं. जूनमध्ये शहरभर जांभळा जॅकरांडा फुललेला दिसेल, तो लोकप्रिय केला तोही त्यांनीच. तुमच्या चार दिवसांत रविवार येत असेल तर दुपारी दोनला तिथल्या उघड्या रंगमंचावरच्या प्रचंड ऑर्गनचा कार्यक्रम असतो, मोफत. त्या एका दिवशी समुद्र तीननंतरवर ढकला.

दुसरी सकाळ प्राणिसंग्रहालयाला. तेही याच पार्कात. १९१५-१६ च्या प्रदर्शनातून मागे राहिलेल्या प्राण्यांपासून १९१६ मध्ये डॉ. हॅरी वेजफोर्थ यांनी ते उभं केलं. आत चढ-उतार फार आहेत, आईंच्या गुडघ्याला झेपणार नाहीत. आत गेल्या गेल्या आधी दुमजली बसची फेरी घ्या, मग लेकीला हवे तेवढेच प्राणी पायी बघा. ढगाळ सकाळी प्राणीही जागे आणि फिरते असतात.

तिसऱ्या सकाळी मी मिशन सॅन डिएगो दे अल्काला सुचवतो. यादीत नाही, पण बाबांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. स्पॅनिश पाद्रींनी कॅलिफोर्नियात उभारलेल्या एकवीस मिशनांतलं, म्हणजे धर्मप्रसाराच्या ठाण्यांतलं, हे पहिलं, १७६९ चं. १७७४ मध्ये ते आताच्या जागी हलवलं. ही जमीन इथल्या मूळ रहिवासी कुमेयाय लोकांची होती, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मिशनवर हल्ला करून ते जाळलं. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मी कुणाला तिथून बाहेर काढत नाही. मिडवे हे विमानवाहू जहाज मात्र गाळा. १९४५ पासून सत्तेचाळीस वर्षं नौदलात होतं, २००४ पासून संग्रहालय आहे, बाबांना नक्की आवडेल. पण आतले काही मजले शिडीसारख्या उभ्या जिन्यांनी जोडलेले आहेत. फारच इच्छा असेल तर तुम्ही आणि बाबा दोघंच जा, आई आणि लेक बाहेर धक्क्यावर बसतील.

पॉइंट लोमाच्या टोकावरचं काब्रियो स्मारक दुपारीच ठेवा. २८ सप्टेंबर १५४२ ला स्पेनसाठी निघालेल्या काब्रियो या दर्यावर्दीची जहाजं याच खाडीत शिरली. वर जुनं दीपगृह आहे, १८५५ मध्ये पेटलेलं. समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे फुटांच्या आसपास उंचावर बांधलं, की दिवा लांबून दिसावा. पण ज्या ढगांबद्दल मी एवढं लिहिलं, तेच ढग नेमके त्या उंचीवर येऊन बसायचे आणि जहाजांना दिवाच दिसायचा नाही. अखेर १८९१ मध्ये ते बंद करून खाली पाण्याजवळ नवं बांधावं लागलं. सकाळी तिथे जाल तर तुम्हीही त्याच ढगात उभे राहाल. स्वच्छ दुपारी मात्र खाडी, पूल, शहर आणि पलीकडे मेक्सिकोचे डोंगर एका नजरेत येतात. स्मारक पाचला बंद होतं, हे लक्षात ठेवा.

तिथून परतताना सनसेट क्लिफ्स. जूनमध्ये सूर्य आठच्या सुमारास बुडतो, म्हणजे जेवून जायलाही वेळ मिळतो. कड्याच्या काठापासून सगळ्यांना दूर ठेवा. इथला दगड ठिसूळ वाळूचा आहे, वरून घट्ट दिसतो आणि खालून पोखरलेला असतो. कड्यांच्या पायथ्याशीही बसू नका. उत्तरेला एन्सिनिटासला ऑगस्ट २०१९ मध्ये कडा कोसळला आणि खाली वाळूवर बसलेल्या एकाच घरातल्या तिघीजणी गेल्या. ला होयाच्या उत्तरेला टॉरी पाइन्सच्या कड्यांनाही हेच लागू आहे. तिथली पाइनची जात जगात फक्त इथे आणि सांता रोझा बेटावर उरली आहे. ती झाडं गाडीतून वरपर्यंत जाऊनही बघता येतात, पायवाटा आईंसाठी नाहीत.

आता तो अपवाद, ज्यासाठी मी जूनमध्ये पहाटे उठायला सांगतो. तुम्ही पूर्वेकडून येताय, घड्याळ तीन तास मागे जाणार, लेक पहिले दोन दिवस पहाटे चारला टक्क जागी होईल. तिला घेऊन ओहोटीला खडकांवर जा. आपल्याकडे आजी-आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. बाबांना कुणी कोकणातल्या माणसाने ते सांगितलं असेल. इथे तो हिशोब चालत नाही. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या इथेही असतात, पण दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात: एक नावापुरती आणि दुसरी खोल. उन्हाळ्यात ही खोल ओहोटी पहाटे येते, हिवाळ्यात दुपारी. काब्रियोची खडकांतली डबकी प्रसिद्ध आहेत, पण स्मारक उघडतं नऊला, तोवर जूनचं पाणी बहुतेक परत चढलेलं असतं. त्यापेक्षा ला होया शोअर्सलगतच्या स्क्रिप्स धक्क्याच्या उत्तरेला डाइक रॉक आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्यात शून्याच्या खालची ओहोटी साडेपाच-सहाच्या आसपास असेल तो दिवस निवडा, आणि त्याआधी अर्धा तास तिथे पोचा. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, कधी एखादा ऑक्टोपस. शेवाळावर घसरतं, म्हणून तिथे फक्त तुम्ही आणि लेक. एका ओल्या बोटाने हळूच स्पर्श करायचा, काही उचलायचं नाही, दगड उलटायचे नाहीत, आणि समुद्राकडे पाठ करायची नाही.

आणि तुमच्या तारखांच्या आसपास पौर्णिमा किंवा अमावास्या येते का ते बघा. मार्च ते ऑगस्टमध्ये त्या तिथीनंतरच्या तीन-चार रात्री, मोठी भरती ओसरायला लागली की ग्रुनिअन नावाचे वीतभर चंदेरी मासे लाटेबरोबर वाळूवर येतात. मादी शेपटीवर उभी राहून वाळूत अंडी घालते, नर तिच्याभोवती वेटोळं घालतो, आणि पुढच्या लाटेबरोबर दोघं परत जातात. अंडी पुढच्या उधाणापर्यंत वाळूत राहतात, ते पाणी पोचलं की फुटतात. जूनमध्ये त्यांना पकडायला बंदी आहे, फक्त बघायचं. काही रात्री एकही मासा येत नाही, हे लेकीला आधीच सांगा. भरतीच्या वेळेनंतर दोन तास शोअर्सवर थांबा, आई-बाबांना खुर्च्या आणि रजया द्या, टॉर्च पाण्यावर मारू नका आणि बोलू नका. पहिला मासा चमकला तरी जागेवरून हलायचं नाही, त्याच्या मागून बाकीचे येतात.